निळं कमळ, ममी आणि आपले तलाव

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममधे इजिप्तची एक खरीखुरी ममी आहे. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगितलं की आधी विश्वासच बसत नाही, आणि बडोद्यातल्या पोरांना मात्र ती तिथल्या देवमाशाच्या सांगाड्याइतकीच ओळखीची. इमारत १८९४ सालची, सयाजीराव महाराजांनी जगभरातून वस्तू आणवल्या त्यातच ही पण आली. लहानपणी त्या दालनात शिरताना आम्ही मैत्रिणी एकमेकींचे हात घट्ट धरायचो. आता तिथे गेलं की मला फुलं आठवतात, कारण इजिप्तमधे माणूस गेला की त्याच्याबरोबर फुलं ठेवायचे आणि त्या फुलांमधे सगळ्यात मानाचं होतं निळं कमळ. म्हणजे आपण कमळ म्हणतो खरं पण झाड वॉटर लिलीचं, पानं पाण्यावर तरंगणारी, पानाला एका बाजूला देठापर्यंत चीर असलेली.

१८८१ मधे इजिप्तमधल्या देर अल-बहारीच्या डोंगरातल्या एका लपवलेल्या खोलीत राजांच्या ममींचा साठाच सापडला, त्यात दुसरा रामसेस पण होता. त्याच्या अंगावर हार होते, वाळलेले, पण ओळखू येण्यासारखे. श्वाइनफुर्थ नावाच्या जर्मन वनस्पतीतज्ज्ञाने ते तपासले तेव्हा कळलं की ते मिमुसॉप्सच्या पानांच्या घड्या घालून आणि प्रत्येक घडीत लिलीच्या पाकळ्या अडकवून शिवलेले होते. आता मिमुसॉप्स म्हणजे कोण, तर आपल्या बकुळीची सख्खी चुलतबहीण! तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बकुळीच्या बहिणीची पानं आणि निळ्या कमळाच्या पाकळ्या घेऊन बसलंय आणि एकेक टाका घालतंय, हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. आपल्याकडे बकुळीचे गजरे करणारी आजी काय वेगळं करते. पुढे १९२२ मधे हॉवर्ड कार्टर ह्या इंग्रज संशोधकाला तुतानखामेनची कबर सापडली, त्याच्या सगळ्यात आतल्या शवपेटीवरच्या फुलांच्या पट्ट्यातही ह्याच निळ्या पाकळ्या होत्या, आणि कमळातून वर येणारं त्या पोरसवदा राजाचं लाकडी डोकं तर जगप्रसिद्धच आहे.

त्यांनी हेच फूल का निवडलं असेल ते समजून घ्यायचं तर फूल रोज बघायला लागतं. माझ्या गच्चीत एका मोठ्या टबमधे हे आहे, युनिव्हर्सिटीत बॉटनी शिकत असताना लिलीचं जे वेड लागलं ते काही सुटलं नाही. सकाळी ऊन चांगलं वर आलं की कळी उघडायला लागते, नऊच्या सुमाराला पूर्ण फुलते, दुपार झाली की मिटते, दुसऱ्या दिवशी परत तेच, असं तीन-चार दिवस चालतं आणि मग देठ वळत वळत फुलाला पाण्याखाली ओढून नेतो, फळ तिथेच पिकतं. सूर्याबरोबर उठणारं आणि रोज मिटून परत उघडणारं, चिखलातून येणारं आणि परत पाण्यात जाणारं फूल, त्या लोकांनी ह्याच्यात रोज जन्मणारा सूर्यच बघितला. त्यांच्या एका कथेत सुरुवातीला नुसतं पाणीच पाणी असतं आणि त्यातून एक कमळ वर येतं, त्यातून सूर्य निघतो. नेफरतेम नावाचा त्यांचा देव डोक्यावर हेच फूल घेऊन उभा असतो, सुगंधाचा देव तो.

पहिल्या दिवशीच्या फुलात एक गंमत असते जी फार लोकांना माहीत नसते. मधोमध वाटीसारखी जागा असते त्यात पाणी भरलेलं असतं, छोटे किडे माश्या त्यात घसरून पडतात, कधीकधी बुडतातच, आणि त्यांच्या अंगावरचे दुसऱ्या फुलातले परागकण त्या पाण्यात धुऊन निघतात, झालं परागीभवन. दुसऱ्या दिवसापासून ते पाणी नसतं, तेव्हा फूल स्वतःचे पराग देतं. इतकं बारीक गणित मांडणारं हे कूळ किती जुनं असेल, तर लिलीच्या घराण्याची जीवाश्मं दहा कोटी वर्षांहून जुन्या थरांत सापडली आहेत, फुलझाडांच्या वंशावळीत अगदी बुडाशी फुटलेल्या फांद्यांपैकी ही एक. आणि आपलं लक्ष्मीचं कमळ, ज्याचं पान गोल छत्रीसारखं पाण्याच्या वर उभं राहतं, ते ह्या कुळातलंच नाही. दिसायला बहिणी वाटल्या तरी शास्त्राच्या हिशोबाने त्या कमळाचे जवळचे नातलग म्हणजे चिनारासारखी मोठी झाडं. मला ही गोष्ट अजूनही अद्भुत वाटते.

इजिप्तच्या निळ्या कमळाला शास्त्रीय नाव दिलं सॅव्हिनीने, तो नेपोलियनच्या १७९८ च्या मोहिमेबरोबर तिथे गेलेला निसर्गशास्त्रज्ञ. आता बरेच शास्त्रज्ञ असं मानतात की ती वेगळी जात नाहीच, आपल्याकडच्या नीलोत्पलाचाच, म्हणजे आपल्या निळ्या लिलीचाच, तो एक उपप्रकार आहे. म्हणजे नाईलच्या काठावर जे फूल राजाच्या छातीवर ठेवलं तेच जवळपास आपल्या तळ्यांत आहे! श्रीलंकेने १९८६ मधे नीलोत्पलालाच राष्ट्रीय फूल केलं. जैनांचे एकविसावे तीर्थंकर नमिनाथ, त्यांचं लांछन म्हणजे ओळखचिन्ह नीलकमल. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या हातात तेच. बंगालच्या रामकथेत राम दुर्गेला एकशेआठ निळी कमळं वाहायला बसतो, एक कमी पडतं तेव्हा स्वतःचा डोळा काढून द्यायला निघतो, आणि आपल्याकडे शिवमहिम्न स्तोत्रात विष्णू शंकराला हजार कमळं वाहताना एक कमी पडल्यावर नेमकं हेच करतो. दोन प्रांत, दोन देव, पण कमी पडलेल्या फुलाच्या जागी डोळाच. आमच्या घरी वैकुंठ चतुर्दशीला आजोबा महिम्न म्हणायचे तेव्हा तो श्लोक आला की त्यांचा आवाज बदलायचा.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याचं कारण माझी भाची. तिची नोकरी अशी की रात्री अमेरिकेबरोबर कॉल आणि मग झोपेचं खोबरं. मधे एकदा तिचा मेसेज आला, "मावशी हे ब्लू लोटस टी मागवलंय, इजिप्शियन सिक्रेट आहे म्हणे, शांत झोप लागते, तुझ्या टबमधलंच आहे ना हे? मग विकत कशाला, तूच दे ना सुकवून." सोबत फोटो, पाकिटावर नेबामुन नावाच्या जुन्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या कबरीतल्या मेजवानीच्या चित्रातल्या बायका, नाकाशी फूल धरलेल्या. ते चित्र ब्रिटिश म्युझियममधे आहे, ख्रिस्तपूर्व १३५० च्या आसपासचं, आणि सुंदरच आहे. पण त्या चित्रात बायका फुलाचा वास घेताहेत एवढंच दिसतं. फूल दारूत भिजवून प्यायचे, त्याने गुंगी यायची, समाधी लागायची, ह्या ज्या गोष्टी आता विक्रीसाठी रंगवून सांगतात त्यातला बराच भाग चित्रं बघून बांधलेला अंदाज आहे. फुलात न्यूसिफेरिन नावाचं अल्कलॉइड असतं हे खरं, मेंदूवर काम करणारंच रसायन आहे ते, आणि म्हणूनच गंमत म्हणून घ्यायची वस्तू नाही. अमेरिकन लष्कराच्या डॉक्टरांनी २०२३ मधे पाच पेशंटची हकिगत छापली, ब्लू लोटस ओढून किंवा पिऊन दवाखान्यात आलेले तरुण सैनिक, गोंधळलेले, गुंगीत. शिवाय सुकलेल्या पाकळ्यांचा चुरा बघून ही नेमकी कुठली लिली, कुठल्या पाण्यातली, हे तुम्हाला मला काय कळणार. तळ्यातली झाडं गाळातलं सगळं शोषून घेतात, चांगलं पण आणि शिसं कॅडमियम पण.

मी तिला टबमधली फुलं दिली नाहीत. त्याऐवजी चरक काढून बसले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंचविसाव्या अध्यायात एक फार छान यादी आहे, कुठल्या कामात कोण सगळ्यात श्रेष्ठ त्याची. त्यात एका ठिकाणी येतं उत्पल (निळी लिली), कुमुद (रात्री फुलणारी पांढरी लिली) आणि पद्म (कमळ) ह्यांचे केसर, म्हणजे फुलातले पुंकेसर, हे बांधून ठेवणाऱ्या आणि रक्तपित्त शांत करणाऱ्या औषधांमधे श्रेष्ठ. रक्तपित्त म्हणजे नाकातून, गुदद्वारातून, कुठूनही उष्णतेने रक्त जाणं. आणि झोप आणणाऱ्यांमधे श्रेष्ठ कोण, तर त्याच यादीत लिहिलंय, म्हशीचं दूध! ज्या माणसाला ही तिन्ही फुलं हाताच्या तळव्यासारखी माहीत होती, त्याला झोपेसाठी कमळ सुचलं नाही, म्हैस सुचली. आणि गुजरातमधे राहून म्हशीच्या दुधासाठी ऑनलाइन ऑर्डर द्यायला लागत नाही, डेअरी कोपऱ्यावर आहे. हे भाचीला फोनवर वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मावशी पण त्याचा रील कसा बनणार," आणि आम्ही दोघी खूप हसलो, पण तिने ते पाकीट बाजूला ठेवलं.

मग ह्या फुलाचं खरं काम काय, तर थंडावा. सुश्रुताने उत्पलादि गण म्हणून एक गटच केलाय, त्यात उत्पल, रक्तोत्पल, कुमुद, सौगंधिक, कुवलय, पुंडरीक आणि ज्येष्ठमध, सगळी पाण्यातली मंडळी आणि एकटा ज्येष्ठमध जमिनीवरचा. आणि उपयोग लिहिलेत दाह, रक्तपित्त, तहान, विष, हृदयरोग, उलटी, मूर्च्छा. ही यादी वाचली की मला सरळ बडोद्याचा मे महिना दिसतो. पारा चव्वेचाळीसवर, विश्वामित्रीत नुसता चिखल, रस्त्यावर माणूस नाही, पोरांचे घोळणे फुटताहेत, म्हाताऱ्यांना चक्कर येतेय. ज्या देशात असा उन्हाळा आहे त्या देशाने पाण्यातल्या फुलांकडे औषध मागावं हे किती साहजिक आहे. चरकाने लघवीचा रंग सुधारणाऱ्या दहा औषधांतही पद्म, उत्पल, नलिन, कुमुद, सौगंधिक, पुंडरीक, शतपत्र अशी सातच्या सात पाण्यातली घेतली आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की पहिला रंग कशाचा बदलतो ते सगळ्यांनाच माहितीये.

आमच्या दांडिया बाजारच्या घरी आजी करायची ते असं, वाळवलेल्या पाकळ्या मूठभर, त्यात थोडा वाळा, मातीच्या भांड्यात रात्रभर भिजत घालायचं, उकळायचं अजिबात नाही, सकाळी गाळून खडीसाखर घालून द्यायचं. वैद्य लोक ह्याला हिम म्हणतात, थंड पाण्यात काढलेला अर्क. आजीला हिम बिम काही माहीत नव्हतं, ती म्हणायची "कमळाचं पाणी पी आणि गप्प सावलीत बस." त्यातलं सावलीत बसणं हे पण अर्धं औषध होतं असं मला आता वाटतं. आणि लहान मुलांना अरविंदासव तर कितीतरी मराठी घरांत देतात, त्याच्या पाठात, म्हणजे घटकांच्या यादीत, पहिलंच नाव कमळाचं आणि पाठोपाठ वाळा, शिवण आणि नीलोत्पल. मूळव्याधीत रक्त पडत असेल तर कमळाचं केसर, लोणी आणि साखर, हाही चरकातलाच योग. रावपुऱ्यातले आमचे वैद्यकाका हे अजून देतात पण आधी तपासतात, रक्त कशाने जातंय ते बघतात, गरज वाटली तर सरळ सर्जनकडे पाठवतात. मला एकदा म्हणाले, "ताई, फूल थंड असतं म्हणून ते सगळ्यांना चालतं असं नाही, ज्याला आधीच सर्दी कफ आहे त्याला कमळाचं पाणी पाजून काय मिळवणार." हे वाक्य मला ग्रंथाइतकंच मोलाचं वाटतं. नीलोत्पलाच्या फुलांचा रक्तातल्या साखरेवर काय परिणाम होतो ह्याचे उंदरांवर प्रयोग झालेत, साखर उतरलेली दिसली आहे, पण उंदरावरून माणसावर उडी मारायची नसते. डायबिटीसची गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, झोपेची गोळी चालू असेल तर ह्या फुलाच्या नादी लागूच नका, आधी डॉक्टरला विचारा.

औषध झालं, पण हे झाड माणसाने औषधापेक्षाही जास्त खाल्लंय. हिरोडोटसने इजिप्तबद्दल लिहिताना सांगितलंय की पूर येऊन शेतं पाण्याखाली गेली की त्यात लिली उगवायच्या, लोक त्या काढून उन्हात वाळवायचे, मधला खसखशीच्या बोंडासारखा भाग कुटून त्याची भाकरी करायचे आणि मुळाशी सफरचंदाएवढी गोल गाठ असायची ती पण खायचे, गोडसर. म्हणजे एकीकडे राजाच्या गळ्यात हार आणि दुसरीकडे पुराच्या दिवसात गरिबाच्या ताटात भाकरी, एकच कूळ. बंगालमधे अजून शापल्याच्या, म्हणजे तिथल्या लिलीच्या, बियांच्या लाह्या करतात. आपल्या ग्रंथांत ह्या गाठीला शालूक म्हणतात, आणि चरक जेवणाच्या अध्यायात बजावतो की वाळवलेलं मांस, वाळलेल्या भाज्या, शालूक आणि बिस हे जड आहेत, रोज खायची सवय लावू नये. बिस म्हणजे आपली कमळकाकडी, बडोद्याच्या वारसिया भागात सिंधी लोक बीह म्हणून आवडीने खातात, मी पण खाते, फार चविष्ट लागते, पण रात्री नको हे अनुभवाने पटलंय.

आणि मखाने. उपासाला आपण जे मखाने तुपावर परततो ना, ते कमळाचं बी म्हणून सगळीकडे सांगतात पण ते लिलीच्या कुळातल्या एका काटेरी झाडाचं बी आहे, पानं एक मीटरहून रुंद, खालून वरून काटेच काटे. बिहारमधल्या मिथिलेत मल्लाह लोक तळ्याच्या तळाशी बुड्या मारून गाळातून ते काळं बी गोळा करतात, मग धुणं, वाळवणं, भाजणं, आणि गरम असतानाच लाकडी हातोडीने एकेक फोडून लाही उडवायची. मिथिला मखान्याला २०२२ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. आता अलकापुरीतल्या मॉलमधे पेरीपेरी मखाना मिळतो, त्याच्या डब्यावर त्या बुड्या मारणाऱ्या माणसाचं चित्र असायला हवं होतं असं मला फार मनापासून वाटतं.

रात्री फुलणाऱ्या कुमुदाबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे. पांढरं कुमुद संध्याकाळी उघडतं आणि सकाळी उशिरापर्यंत उघडं राहतं, म्हणून तर आपल्या कवितेत त्याची जोडी चंद्राशी. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात कुमुदिनी येते, स्वतःची जागा न सोडता चंद्राला आलिंगन देणारी. माउलींनी हे लिहिलं कारण ऐकणाऱ्याने ते तळ्यावर बघितलेलं होतं. आज किती जणांनी बघितलंय? खंडेराव मार्केटमधे लक्ष्मीपूजनाला कमळ म्हणून ज्या गुलाबी कळ्या येतात त्यात कितीतरी लिलीच असतात, विकणाऱ्याला माहीत नसतं, घेणाऱ्याला नसतं, देवीला काही फरक पडत नसेल पण मला पडतो. कारण जे ओळखता येत नाही ते गेलेलं पण कळत नाही.

आणि जातंय ते. बडोदा हे तलावांचं गाव आहे, बाहेरच्यांना सूरसागरच माहीत असतो पण प्रत्येक जुन्या गावठाणाचा आपला एक तलाव होता आणि पावसाळा संपता संपता त्याच्या कडेला लिलीची पानं पसरायची, त्यावरून कमळपक्षी लांब बोटांनी चालत जायचा. आता दोन गोष्टींनी ते संपलं. एक म्हणजे जलकुंभी, दक्षिण अमेरिकेतून आलेली, सांडपाणी मिळालं की फोफावते आणि पाण्यावर झाकणच घालते, खाली ऊन पोचत नाही की लिलीचा कोंब वर येत नाही. दुसरी गोष्ट सुशोभीकरण. तलाव खोल खणतात, चारी बाजूंनी उभी दगडी भिंत, वर वॉकिंग ट्रॅक, मधे कारंजं. दिसायला छान दिसतं, संध्याकाळी मी पण फिरते, पण लिलीला लागतो हळूहळू उतरत जाणारा चिखलाचा काठ, गुडघाभर ते कमरेएवढं संथ पाणी. उभी भिंत घातली की तो काठच उरत नाही, आणि कारंज्याचं पाणी तिच्या पानांवर सतत पडलेलं तिला चालत नाही, तिची श्वास घ्यायची छिद्रं पानाच्या वरच्या बाजूला असतात. ज्यांना ही झाडं मोकळ्या पाण्यात बघायची असतील त्यांनी डभोईजवळच्या वढवाणा तलावावर जावं, बडोदा संस्थानाने शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, २०२१ मधे रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, हिवाळ्यात लोक तिथे परदेशी पक्ष्यांसाठी जातात पण उथळ कडेला पाणवनस्पती पण बघाव्यात, आणि सकाळी लवकर पोचून दुपारच्या आत बघाव्यात, निळी असेल तर दुपारनंतर मिटलेली दिसेल.

आमच्या भागातल्या तलावाचं काम परत निघणार आहे असं सोसायटीच्या ग्रुपवर आलंय. आम्ही काही जणांनी मिळून अर्ज लिहिलाय. मागणी एकच आहे, तीन बाजूंना काय बांधायचं ते बांधा, चौथ्या बाजूचा साधारण पन्नास मीटर काठ मातीचाच ठेवा, उतरता, आणि तिकडे येणारं गटाराचं तोंड बंद करा. लिलीच्या गाठी आम्ही देऊ, माझ्या टबमधे दर वर्षी इतक्या होतात की वाटायला माणसं पुरत नाहीत. गुजराती शेजारच्या भाभीने अर्जाचं गुजराती केलं, वैद्यकाकांनी सही केली, भाचीने त्याचं छान प्रेझेंटेशन बनवून दिलं, त्यात ममी पण घातली आहे.